कार्य शून्य

नववीच्या विज्ञानातली कार्याची व्याख्या ज्याने केली, त्याने जन्मात कधी ओझं उचललेलं नसावं. बल लावलं आणि वस्तू त्या दिशेने सरकली, तरच कार्य झालं. नाही सरकली तर शून्य. डोक्यावर बॅग घेऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणारा हमाल चालताना बॅगेवर काहीच कार्य करत नाही म्हणे! का, तर त्याचं बल वरच्या दिशेने, चालणं आडवं, मध्ये काटकोन. परीक्षेत या उत्तराला मार्क मिळतात. पुणे स्टेशनवर पैसे देण्याच्या वेळी हेच उत्तर देऊन बघा. हमाल न्यूटनचा तिसरा नियम प्रात्यक्षिकासह समजावून देईल.

हे सगळं मला आमच्या लेकीमुळे कळलं. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने लोखंडी कपाट समोरच्या भिंतीला न्यायचं ठरवलं. "अहो, जरा हात लावा," म्हणजे दोन्ही हात आणि कंबर. लेक पलंगावर आडवी पडून 'जडत्व' पाठ करत होती. मी जीव खाऊन ढकललं. कपाट ढिम्म.

"कार्य शून्य, बाबा."

"आणि हा घाम?"

"सूत्रात घाम नसतो."

स्थितिक घर्षण मोठं खमकं असतं. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखं. आपण जेवढा जोर लावू तेवढाच उलटा जोर ते लावतं, आपण वाढवला की तेही वाढवतं. त्याला मर्यादा असते, पण ती गाठायच्या आधी माझी आली. त्यात पायात मोजे. मी कपाटाला ढकललं, कपाटाने तेवढ्याच बलाने मला ढकललं, आणि गुळगुळीत फरशीवर मीच मागे गेलो.

"विस्थापन झालं, पण तुमचं," लेक म्हणाली.

न्यूटनने गतीचे हे तीन नियम १६८७ साली छापले. गृहस्थाने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे निवांतपणा होता.

कपाट रिकामं केलं की घर्षणही कमी होतं. तसं सुचवून पाहिलं. "आणि साड्यांच्या घड्या कोण घालणार?" या प्रश्नाने तो मार्ग बंद झाला. अरुंद बाजूवर आडवं करून ओढावं, तर त्यानेही भागत नाही. टेकलेला भाग केवढा आहे याच्याशी घर्षणाला देणंघेणं नसतं, हे आमोंतों नावाच्या फ्रेंच माणसाने १६९९ मध्येच सांगून ठेवलंय.

शेवटी कामाच्या मावशींनी मला एकेक बाजू उचलायला लावून पायांखाली गोणपाट सारलं. कपाट आधी हललं नाही, मग एकदम सुटलं. गतिक घर्षण स्थितिकापेक्षा कमी असतं, हे माझ्या अंगठ्याला चांगलंच कळलं.

समोरच्या भिंतीपाशी ते उभं राहिल्यावर ही दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून म्हणाली, "तिकडेच बरं दिसत होतं नाही?"

नेलं परत. लेकीने पुस्तकातून मान वर काढली. "एकूण विस्थापन शून्य."

"म्हणजे पुन्हा कार्य शून्य?"

"नाही हो. घर्षणाविरुद्धचं कार्य जातानाचं आणि येतानाचं दोन्ही धरतात."

शास्त्राने पहिल्यांदाच माझी बाजू घेतली होती. मी तो मुद्दा हिला ऐकवला, जरा ठासूनच.

"जमतंय की मग तुम्हाला," ही म्हणाली. "आता फ्रीज."