पोटात गोळा, हातात कोतवाल बुक

वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची इथं राजधानी होती, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि पाहुणा बालाजीच्या आरतीची वेळ विचारतो. नावातल्या 'वत्स'ला लोकांनी ऋषी जोडून दिलेत. 'गुल्म'कडे मात्र कुणी बघत नाही. आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटातला गोळा. ज्याच्या नावातच दुखणं आहे असं दुसरं गाव माझ्या माहितीत नाही. आता हे दुखणं साथीनं येतं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आसपास ते शिगेला पोचतं आणि ज्या घरात पोरगं बारावी सायन्सला आहे, त्या घरातल्या सगळ्यांच्या पोटात एकदम गोळा येतो. इंग्रजीत या रोगाला 'नीट' म्हणतात. मराठीत नीट म्हणजे सरळ, व्यवस्थित. भाषांतर करताना एवढा घोटाळा दुसऱ्या कुठल्या शब्दाचा झाला नसेल.

रिसोडचे आमचे दाजी या रोगाचे जुने रोगी. भाचीला दहावीत चौऱ्याण्णव टक्के पडले, त्याच संध्याकाळी घरात निकाल लागला, "पोट्टी डॉक्टर होते आता." हे ठरलं तेव्हा पोट्टी घरात नव्हती, मैत्रिणीकडं पेढे द्यायला गेली होती. परत आली तेव्हा ती डॉक्टर झालेली होती. फक्त शिकायचं राहिलं होतं.

मी हळूच म्हटलं, "दाजी, तिला बोटाला सुई टोचलेली पाहवत नाही. मागं रक्त तपासायला नेलं तर तिथंच बसली खाली."

दाजी म्हणाले, "भाऊ, नीटमधी रक्तावर प्रश्न येते. रक्त नाई येत."

यावर बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

मग क्लास. आमच्या जिल्ह्यात क्लास नाहीत असं नाही. पण गावातल्या वैद्याच्या हाताला गुण नसतो, तसंच क्लासचंही आहे. गुण यायला हिंगोली, नांदेड ओलांडून लातूरला जावं लागतं. ज्यांना तेवढं परवडत नाही ते अकोल्याला जातात आणि ज्यांना परवडत नाही हेच मान्य नसतं ते कोट्याला जातात. 2024 ला पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव निघालं, तेव्हा वाटलं आता लोक जरा थबकतील. दाजींचे शेजारी म्हणाले, "म्हंजे पेपरबी तिथूनच येते का? मंग तं तिथंच टाकू पोट्टं." त्या वर्षी पहिल्या निकालात सदुसष्ट मुलांना 720 पैकी 720 पडले होते. फेरनिकालात सतराच उरले. उरलेल्या पन्नासांच्या घरी त्या दिवशी पेढ्यांचं काय केलं असेल, हा प्रश्न मला अजून छळतो.

लातूरला दाजींनी क्लासच्या पाट्या पाहिल्या. एकच मुलगी तीन पाट्यांवर हसत होती. एका क्लासनं तिला दोन वर्षं शिकवलं होतं, दुसऱ्यानं फक्त सराव परीक्षा घेतल्या होत्या आणि तिसऱ्यानं, मला वाटतं, तिला बसस्टँडचा रस्ता सांगितला असावा. आठवीपासूनची 'फाऊंडेशन' तुकडी पाहून दाजी हळहळले. म्हणाले, "आपून उशीर केला, भाऊ." भाची तेव्हा सोळा वर्षांची होती. 2024 च्या जानेवारीत केंद्र सरकारनं मार्गदर्शक सूचना काढल्या, की सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासमध्ये घेऊ नका. पाया मात्र घर बांधण्याच्या आधीच घालावा लागतो, असं क्लासवाल्यांचं म्हणणं. बांधकामशास्त्र म्हणून ते बरोबरच आहे.

आता हिशेब. फी, खोली, मेस मिळून वर्षाचे दीड लाख, असं दाजींनी आडतीच्या वहीत मांडलं. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. दीड लाखाला एकतीस क्विंटल पडतात. आमच्याकडं एकरी सात क्विंटल धरा, म्हणजे साडेचार एकर. साडेचार एकराचे गुंठे किती? एकशेऐंशी. आणि नीटमध्ये प्रश्न किती? तेही एकशेऐंशी! एका प्रश्नाला एक गुंठा. हा मेळ कुणा ज्योतिषानं जुळवलेला नाही, वहीतच आहे. तेव्हापासून दाजींच्या शेताची नावं बदलली. धुऱ्याकडचं एक एकर पाच गुंठे म्हणजे भौतिकशास्त्राचे पंचेचाळीस प्रश्न, त्याला लागून तेवढंच रसायनशास्त्र, आणि विहिरीजवळचं सव्वादोन एकर जीवशास्त्र. तिथं ओलिताची सोय आहे, म्हणून नव्वद प्रश्न. परवा डुकरं घुसली तर दाजी फोनवर ओरडत होते, "अरे, फिजिक्समधी शिरले, हाकला!"

बाजारात हमीभाव मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तसं ते दाजींनी धरून घेतलं.

इथवरचं सगळं सोपं होतं. भाची लातूरला पहाटे पाचला उठून एनसीईआरटीच्या पुस्तकातली ओळ न् ओळ पाठ करू लागली. तळटीप, आकृतीखालचं वाक्य, काही सोडलं नाही. तिची परीक्षा तीन तासांची. दाजींची परीक्षा दोन वर्षं चालली, आणि तिला अभ्यासक्रमच नव्हता. तिचं नाव कागदपत्रं.

अधिवास, उत्पन्न, नॉन क्रिमीलेअर, जातीचा दाखला आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. नॉन क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, म्हणजे घर गेल्या वर्षी गरीब होतं हे यंदा पुन्हा सिद्ध करावं लागतं. त्याचं दाजींना काही वाटलं नाही. साडेचार एकराची फी भरल्यावर ते सिद्ध करणं अवघड नव्हतं. अडलं वैधतेला. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे भाचीनं पेशीतलं मायटोकाँड्रिया ओळखायचं आणि बापानं आपला आजा ओळखून दाखवायचा.

दाजींच्या आजोबांचा शाळेचा दाखला निघाला. त्यावर लिहिलेलं, जिल्हा अकोला. खिडकीमागचे साहेब म्हणाले, "तुम्ही तर वाशिम जिल्ह्याचे लिहिलंय. हे अकोल्याचे कोण?"

दाजींनी मग इतिहास सांगितला, आणि तो खरा आहे. वाशिम इंग्रजांच्या काळात जिल्हा होता. 1905 ला तो मोडला आणि आम्ही अकोल्यात गेलो. 1998 ला पुन्हा जिल्हा झाला आणि आम्ही वाशिमला परत आलो. पणजोबा वाशिम जिल्ह्यात जन्मले, आजोबा अकोला जिल्ह्यात, भाची पुन्हा वाशिम जिल्ह्यात. तिघंही एकाच घरात, एकाच माजघरात. या घराण्यानं शंभर वर्षांत दोन जिल्हे बदलले ते जागचं न हलता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण पुरावा आणा." (नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही त्याच 1998 चं. राज्याला डॉक्टर घडवण्याची यंत्रणा आणि आम्हाला जिल्हा एकाच वर्षी मिळाला. त्या वर्षी सरकारचा हात बराच सैल होता म्हणायचं.)

दुसरी अडचण आडनावाची. आजोबांच्या आडनावाला शेवटी 'कर' होतं. वडिलांच्या वेळी मास्तरांनी ते रजिस्टरात मावलं नाही म्हणून गाळलं. आता 'कर'वाले आजोबा आणि बिनकराचा नातू एकाच वंशाचे आहेत, हे शपथेवर सांगायला वंशावळ काढली. दाजींनी ती भाचीच्याच रफ वहीत, मेंडेलच्या वाटाण्याच्या आकृतीशेजारी काढली. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षेआधी भाची तीच उजळणी करून गेली.

शेवटी कुणीतरी सांगितलं, गावाचं कोतवाल बुक पहा. विदर्भातल्या गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात असतात. दाजी एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सात वेळा गेले. नेमकं हवं ते वर्ष वाळवीनं खाल्लं होतं. आधीचं वर्ष शाबूत, नंतरचंही शाबूत. वाळवीला कोणतं पान महत्त्वाचं ते बरोबर कळतं. तिला क्लास लावावा लागत नाही.

परीक्षेच्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही. अर्ध्या बाह्या, पायात चप्पल, अंगावर धातू नाही. नाकातला खडा निघेना म्हणून ताई फाटकापाशी साबण घेऊन बसली होती. पेन आतच मिळतं. पाहून लिहायची सोय नाही आणि पाहून सांगायचीही नाही. बाहेर झाडाखाली शंभरेक बाप उभे होते आणि तीन तास एकही बाप बसला नाही.

मार्क पडले ते बरे पडले. इथं गोष्ट खरं तर वाशिमात यायला हवी होती. 2024 च्या 5 ऑक्टोबरला पंतप्रधान आमच्या जिल्ह्यात, पोहरादेवीला, स्वतः आले, नगारा वाजवून गेले, आणि चारच दिवसांनी, 9 ऑक्टोबरला, आमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन त्यांनी दिल्लीहून पडद्यावर केलं. त्याच दिवशी राज्यातली अशी एकूण दहा महाविद्यालयं सुरू झाली. वाशिमच्या वाट्याला शंभर जागा आल्या. पंधरा देशाच्या, पंच्याऐंशी राज्याच्या. पूर्वी विदर्भातल्या जागांत सत्तर टक्के विदर्भातल्या पोरांना असायच्या. ती 70:30 ची पद्धत 2020 ला बंद झाली. आता कोल्हापूरचं पोरगं वाशिमला येऊ शकतं आणि रिसोडचं कोल्हापूरला जाऊ शकतं. दोघंही आपापल्या घरी राहू शकत नाहीत, हे नकळत साधलं.

पसंतीक्रम भरताना दाजी भाचीच्या मागं उभे होते.

"वाशिम कितव्या नंबरावर टाकलं?"

"शेवटून दुसरं, बाबा."

"कायले वं? घरून डबा जाईन रोज."

"म्हणूनच," भाची म्हणाली. मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "मामा, एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवेचा बाँड असतो. पूर्वी लोक दहा लाख भरून सुटायचे. तेव्हा आपलं रिसोड तर देणार नाहीत ना?"

दाजींनी पुढचं ऐकलं नाही. दहा लाखाचे गुंठे किती होतात, ते मोजत होते.

वैधतेचा अर्ज अजून पडून आहे आणि प्रवेशाची तारीख तोंडावर आलीय. तेव्हा वाचकहो, रिसोड भागातल्या कुणाच्या माळ्यावर, पेटीत, जुन्या पोथीच्या बांधणीत 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा एखादा कागद असेल, त्यावर आमच्या दाजींच्या आजोबांचं नाव असेल, आडनावाला 'कर' असेल किंवा नसेल, जिल्हा कोणताही असेल, तर तो घेऊन यावं. येताना झेरॉक्सच्या दोन प्रती काढून आणाव्यात.