श्री. मंद चयापचय, मु. पो. चाळिशी, यांस

स. न. वि. वि.

महाशय, आपण निर्दोष असल्याची कुजबुज वाढली आहे, म्हणून तातडीने लिहीत आहोत. कृपा करून सुटू नका. पँटचे बटण लागेनासे झाले, की ठपका ठेवायला आपल्यावाचून घरात दुसरे कोणी नाही. ‘नुसते पाणी प्यायले तरी अंगाला लागते’ हे आम्ही आपल्याच भरवशावर म्हणतो. (पाण्यात एकही कॅलरी नसते, हे आपण कुठे बोलू नये.)

अडचण अशी, की पुरावा आपल्या बाजूचा आहे. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी २९ देशांतल्या ६,४००हून अधिक माणसांचा ऊर्जाखर्च मांडला, त्यांत आठ दिवसांचे बाळ होते आणि ९५ वर्षांचे आजोबा-आजीही. पद्धतही अशी, की तिथे कोणाच्या सांगण्याला किंमत नाही. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी प्यायला द्यायचे. हायड्रोजन शरीराबाहेर पडतो तो पाण्यावाटे. ऑक्सिजन पाण्यावाटे पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. दोहोंच्या घटण्यातला फरक काढला, की शरीराने किती इंधन जाळले ते कळते. माणूस काहीही सांगो, लघवीचा नमुना खरे तेच सांगतो. निष्कर्ष असा, की शरीराचे आकारमान आणि त्यातला चरबीविरहित भाग हिशोबात धरला, तर विशीपासून साठीपर्यंत आपला वेग जवळजवळ तोच राहतो. चाळिशीच्या वाढदिवसाचे आमंत्रण आपल्याला गेलेलेच नाही. तसे त्यात नवल नाही. बहुतेकांच्या रोजच्या खर्चातला मोठा वाटा नुसते जिवंत राहण्यातच जातो. वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीतली एक पंचमांश ऊर्जा एकटा खातो. हृदय, यकृत, मूत्रपिंडे यांना तर रविवारचीही सुट्टी नाही. घासातले ग्लुकोज पेशीपेशीत जाळून एटीपी हे पेशीचे ऊर्जा-चलन बनवायचे आणि ते लगेच खर्चायचे, हा कारखाना चाळिशीत स्वेच्छानिवृत्ती कसा घेणार?

‘मग थायरॉइडचे काय?’ असे कोणी विचारील. ते खरेच, ती ग्रंथी मंदावली की आपणही मंदावता. पण ते रक्ततपासणीत कळते, सोसायटीच्या लिफ्टमधल्या गप्पांत नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झपाट्याने बारीक झालेल्यांचे काय? अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी तपासले, तेव्हा विश्रांतीतही ते अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते. हा आपला खरा अपराध. मात्र तो वजन उतरवल्यानंतर घडला. आमचे वजन चढले तेव्हा आपण जागेवर नव्हता. आणि १९९२चे ते न्यूयॉर्कमधले संशोधन तर दडपलेलेच बरे. ‘आम्ही खातच नाही’ म्हणणाऱ्या स्थूल मंडळींचे चयापचय मोजले, तर ते ठीकठाक निघाले. त्यांनी सांगितलेले खाणे मात्र प्रत्यक्षाच्या जवळपास निम्मेच होते. मुद्दाम खोटे बोलले असतील असेही नाही. उभ्या उभ्या तोंडात टाकलेली चकली कोणाच्या हिशोबात येते?

तरी विनंती, की आपण आणखी काही वर्षे हा आरोप मुकाट सोसावा. साठीनंतर आपण खरोखरच हळूहळू मंदावता. तेव्हा आमचे म्हणणे खरे ठरेल. तोवर जामिनासाठी अर्ज करू नये.

कळावे, लोभ असावा.

आपले,
फराळाच्या डब्याभोवतीचे समस्त मध्यमवयीन