गॅस संपला म्हणे!

दोहातली जुलैची दुपार. पारा पंचेचाळिशीला टेकलेला. कतारच्या नियमाप्रमाणे १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३०, उघड्यावरचं काम बंद. माणसाला तेवढी सवलत आहे. अल दुहैलमधल्या व्हिलाबाहेर भट्टीत उभ्या असलेल्या गाडीला नाही.

साहेब येतात, एसी लावतात आणि तोंडावर गरम वारा घेतात.

पुढचं निदान गाडी न बघताच सांगता येतं. "गॅस खतम, साब."

अख्ख्या सनैयात, म्हणजे दोहाच्या गॅरेजवाल्या औद्योगिक भागात, गाडीच्या एसीला हा एकच आजार होतो. नोकरीच्या करारातला स्वल्पविराम तपासणारा, दुकानात दोन रियाल जास्त लागले म्हणून माघारी जाणारा आपला माणूस इथे मात्र निमूट मान डोलावतो. पैसे देतो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा देतो.

अहो, संपला म्हणजे गेला कुठे?

एसीतला गॅस जळत नाही की खर्चही होत नाही. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकतो, इव्हॅपोरेटरमध्ये आतली उष्णता उचलतो आणि बंद नळ्यांतून तसाच फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सीलमधून काही वर्षांत थोडा झिरपतो, हे मान्य. दर उन्हाळ्यात संपत असेल, तर ती गळती आहे. ती शोधायची तर आत रंग सोडून जांभळ्या दिव्याखाली एकेक सांधा बघावा लागतो. गळती सापडली, तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येईल कशाला?

बॉनेटखाली एक स्टिकर असतो. गॅस कोणता, आर-१३४ए की नवा आर-१२३४वायएफ, आणि किती ग्रॅम, सगळं त्यावर छापलेलं. छोट्या गाडीत सगळा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. म्हणजे वजन करूनच भरायला हवा. प्रत्यक्षात गेजकडे एक नजर आणि वर, "थोडा ज्यादा डाला, साब." भाजीवालीने वर कोथिंबीर टाकल्यासारखे आपण खूश! जास्तीच्या गॅसने दाब चढतो, गारवा उतरतो आणि कंप्रेसरचं आयुष्य घटतं. एवढी महागडी कोथिंबीर दुसऱ्या कुठल्या बाजारात मिळत नाही.

बरं, अल शमाल रस्त्यावर सुसाट असताना गार आणि सिग्नलला थांबलं की गरम, असं होतंय? मग आधी कंडेन्सरचा पंखा बघा. वारा गार आहे पण जोर नाही? केबिन फिल्टर काढा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, वाळूने गच्च भरलेला. विम्याची तारीख पाठ असते, फिल्टर शेवटचा कधी बदलला ते आठवत नाही.

आणि हीटर? दोहात हीटर लावतंय कोण?

कोणी नाही. तरी तो गाडीत असतोच. इंजिनाचं नव्वदेक अंशांचं पाणी डॅशबोर्डमागच्या चिमुकल्या रेडिएटरमधून फिरत असतं. गार हवा आणि ही धग यांच्यामध्ये असते एक प्लास्टिकची झडप आणि ती हलवणारी छोटीशी मोटर. मोटरचे दाते तुटले की झडप अर्ध्यात अडकते. दोन बाजूंना वेगळं तापमान देणाऱ्या गाडीत तर नवऱ्याला गार आणि बायकोला गरम. डॅशबोर्डमागे टकटक सुरू, पुढच्या सीटवर कटकट.

कधीच न लावलेला हीटर भर जुलैत चालू! त्यावर उपाय काय? गॅस.

गंमत म्हणजे दोहात हीटर मुद्दाम लावायची वेळ आलीच, तर तीही उन्हाळ्यातच येते. इंजिन तापलं, जवळ थांबायला जागा नाही, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा, इंजिनाची थोडी उष्णता तो ओढून घेतो, असा जुना आणि खरा सल्ला आहे. देणाऱ्याला शेजारी बसवून घ्यावं.

सप्टेंबरात हवा दमट होते आणि सकाळी काच बाहेरून धुरकटते. घाबरून लोक काचेवरचा गार वारा वाढवतात. काच आणखी थंड, त्यावर आणखी दव. वायपर मारा, वारा काचेवरून हटवा, संपला विषय. एवढ्यासाठी कोणी सनैया गाठलं असेल, तर तोही गॅस भरूनच परतला असेल.

तेव्हा पुढच्या वेळी एवढंच विचारा: गळती कुठे आहे, जुना गॅस किती ग्रॅम निघाला आणि नवा किती भरणार? उत्तराऐवजी नुसतं "टेन्शन मत लो, साब" ऐकू आलं, तर किल्ली मागून घ्या.