निघालेले सर

मेघवाडीत कुणालाही विचारा, "ते परदेशात जाणारे सर कुठे राहतात?" पानवाला उलट तुम्हालाच विचारेल, "कुठले? थायलंडवाले की दुबईवाले?" जोगेश्वरी पूर्वेला ही जात अलीकडे फोफावली आहे. वय पस्तिशीच्या अल्याड-पल्याड, इस्माईल युसूफमधून इंग्रजी घेऊन बी.ए., संध्याकाळी दहा बाय दहाच्या खोलीत आठवी ते दहावीचे क्लास आणि तोंडी कायम एकच वाक्य: "यंदा बहुतेक निघणार." गणपतीची वर्गणी मागायला गेलात तर म्हणतात, "देतो, पण पुढच्या वर्षी मला धरू नका." पुढच्या वर्षी सर असतात. वर्गणी नसते.

आमचे सर थायलंडवाले, निदान या महिन्यात तरी. त्यांच्या लेखी देश राजधानीवरून ओळखायचे नसतात, अटींवरून ओळखायचे असतात. कोरिया म्हणजे इंग्रजी शिकवायचा ई-2 व्हिसा. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका, या सातांपैकी एकाचा पासपोर्ट काढा. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारात भारतीयांसाठी एक फट आहे, पण तिच्यातून आत शिरायला शिक्षकाची सनद लागते. सरांकडे आहे 120 तासांचं ऑनलाइन टेफल प्रमाणपत्र. आखातातल्या शाळाही पहिला प्रश्न बी.एड.चाच विचारतात.

"मग बी.एड. करून टाका की."

"दोन वर्षं जातील हो! तोवर मी तिकडे असेन." 2015 साली बी.एड. दोन वर्षांचं झालं, तेव्हापासून हे उत्तर चालू आहे.

राहता राहिला थायलंड. तिथल्या शाळा आपल्या माणसाकडे टोइक परीक्षेचे 600 गुण मागतात. सरांचे त्याहून बरेच जास्त आहेत. अडलं ते पदवीपाशी. मुलगा पदवीधर झाला म्हणून वडिलांनी कौतुकानं स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रमाणपत्राला जाड लॅमिनेशन करून घेतलं होतं. साक्षांकनाचे शिक्के मारायचे कागदाच्या पाठीवर, आणि पाठीवर प्लास्टिक! सरांनी इस्त्री कोमट केली, वर रुमाल घातला आणि एका कोपऱ्यापासून हलक्या हातानं सोलायला घेतलं. प्लास्टिक छान निघालं. सोबत कुलगुरूंची सहीही निघाली. दुसऱ्या प्रतीसाठी मग कलिन्याचं परीक्षा भवन गाठावं लागलं.

मुलाखतीचा किस्सा तर वाडीभर झालाय. तिकडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. प्रार्थनेआधी, सकाळी सात वाजता मुख्याध्यापिका बोलणार, म्हणजे आपल्याकडे साडेपाच. साडेपाच ही आमच्याकडे नळाची वेळ. सर कोट घालून फोनसमोर बसलेले आणि मागे पिंपात पाणी धो धो. बाईंनी कौतुकानं विचारलं, जवळ धबधबा आहे का? सर "हो" म्हणाले. इतक्यात मागून आईचा आवाज आला, "खंय जावचा असात थंय जा, पण आधी पाणी भर!" हे कोण, म्हणून बाईंनी विचारलं. सर म्हणाले, "गाइड."

सरांच्या इंग्रजीत खोट काढायला जागा नाही, हे मला मान्यच आहे. सहाव्या शतकातल्या आमच्या लेण्यांकडे कधीमधी एखादा गोरा पाहुणा फिरकतो, तेव्हा सर त्याला गाठतात. मागे पोलंडचा एक तरुण सापडला होता. बोलता बोलता सरांनी त्याची क्रियापदं दोनदा सुधारून दिली. निघताना कळलं की पठ्ठ्या हनोईत वर्षभर इंग्रजी शिकवून आलाय. सर दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांची आई सांगते. (मिसळ खाताना मी त्यांना पाहिलं होतं, पण आईला सांगितलं नाही.) त्यानंतर कुणी उच्चारांचा विषय काढला की सर इथिओपियावर घसरतात: "सम्राट हैले सेलासीनं आपल्या मास्तरांना बोलावून बोलावून नेलं होतं. तेव्हा कुणाला आपला उच्चार खटकला नाही!" आपण त्या काळात जन्मलो नाही याचं खापर ते थेट वडिलांवर फोडतात.

यात एक मात्र झालं. परदेशी कागदपत्रांत सरांइतका मुरलेला माणूस मेघवाडीत दुसरा नाही. नर्स, फिटर, कुणाची भाची, सगळे त्यांच्याकडे येतात. आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. दुबईला अपोस्टिल चालत नाही, तिथे वकिलातीचा शिक्का लागतो, हे ते फळ्यावर बाण काढून समजावतात. पोलिस क्लिअरन्ससाठी मालाडच्या पासपोर्ट सेवा केंद्रात कोणत्या वेळेला गर्दी कमी असते, तेही सांगतात. एजंट ज्याचे हजारो रुपये उकळतो ते सर चहावर करतात, आणि त्यांच्या सल्ल्यावर गेलेली माणसं खरोखरच विमानात बसतात.

तुमच्यापैकी कुणाचं असं काही अडलं असेल तर क्लास सुटल्यावर, साडेआठनंतर खुशाल जा. मूळ प्रती न्या, झेरॉक्स दोन-दोन न्या, आणि पदवीवर प्लास्टिक असेल तर ते घरी काढायच्या फंदात पडू नका.