रणनिर्देश

प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या गेटवर टँकरच्या पावतीवर सही करत होतो. "शेवटच्या फर्म्यात दीड पान कोरं राहतंय," ते म्हणाले. "ऋणनिर्देश लिहून पाठवा. उद्या संध्याकाळपर्यंत."

कृतज्ञतेचं पान लेखकाच्या अंतःकरणातून येतं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. ते फर्म्यातून येतं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या हिशेबात छापतात. मजकूर काठोकाठ बसला तर लेखक कुणाचं काही लागत नाही. दीड पान उरलं, की त्याला शाळेतल्या बाई, मोठे मामा आणि तालुक्याचे ग्रंथपाल एकदम आठवायला लागतात. माझी कादंबरी आणखी चाळीस ओळी लांबली असती तर पुढचं महाभारत टळलं असतं.

या पानाचा मी तसा जुना गिऱ्हाईक. 2016च्या जानेवारीत आमच्या पिंपरीत, एच.ए.च्या मैदानावर 89वं साहित्य संमेलन भरलं होतं. अध्यक्ष श्रीपाल सबनीस. लोक परिसंवादाच्या मांडवात आणि मी पुस्तकांच्या गाळ्यांवर. कादंबरी उचलायची, ऋणनिर्देश वाचायचा, परत ठेवायची. असा दुपारपर्यंत फिरलो. शेवटी एका गाळ्यावरच्या पोरानं विचारलं, "काका, काही घेणार, का नुसतेच आभार?"

एवढ्या वाचनातून माझ्या लक्षात आलं, की ऋणनिर्देशाची वाक्यं ठरलेली असतात, मंगलाष्टकांसारखी. अमुक यांचा नामोल्लेख न केल्यास कृतघ्नपणा ठरेल. तमुक यांना औपचारिक आभार आवडणार नाहीत (आणि मग अर्धा परिच्छेद औपचारिक आभार). ज्ञात-अज्ञात सर्वांचे. आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे, आभार मानून मोकळं होण्यापेक्षा मी यांच्या ऋणातच राहणं पसंत करीन. हे वाक्य रावेतमध्ये छापताना जरा विचार करावा लागतो. वीस वर्षांपूर्वी इथं शेतं होती, आता बाविसाव्या मजल्यावर गॅलरी आहे आणि प्रत्येक गॅलरीमागे वीस वर्षांचा हप्ता. ऋणात राहणं आम्ही सगळ्यांनीच पसंत केलंय, लेखन न करताच. बँकेनं मात्र अजून कुणाला हे वाक्य ऐकवून सोडलेलं नाही.

असो. कादंबरी मी लिहिली बसमध्ये. मुकाई चौकातून पहाटे पावणेसहाला कंपनीची बस, चाकणला फर्स्ट शिफ्ट, दुपारी परत. जाताना अंधार, येताना तळेगाव चौकातली कोंडी. लोक त्या कोंडीला शिव्या देतात. माझं अख्खं तिसरं प्रकरण तिथं उभ्या बसमध्ये लिहून झालंय. कागद इन्स्पेक्शन रिपोर्टचे, पाठकोरे. पुढच्या बाजूला ब्रेक ड्रमची मापं, मागच्या बाजूला नायिकेची घालमेल. एकदा साहेबांकडे चुकून घालमेल गेली. त्यांनी त्यावर 'रीवर्क' असा शेरा मारला आणि खरं सांगतो, तो शेरा बरोबर होता.

तर दीड पान. मी यादी करायला बसलो आणि घरात बातमी पसरली. आमच्याकडे नावांच्या यादीचा अनुभव एकच, तो म्हणजे लग्नपत्रिका. त्यामुळे सासऱ्यांनी चष्मा लावून कागद हातात घेतला तो थेट त्याच चालीवर. आधी कै. लोक येऊ द्या. मग वडीलधारे. माझ्या नावापुढे 'निवृत्त' हवं, नाहीतर लोकांना वाटेल मी अजून नोकरीत आहे. मेव्हण्याचं म्हणणं असं, की टाईप करायला लॅपटॉप त्याचा होता, म्हणून तो आठव्या नंबरवर शोभत नाही. (त्या लॅपटॉपचं 'र' बटण दाबलं जात नव्हतं. मी दोन महिने 'र' नसलेले शब्द शोधत होतो. हे मी बोललो नाही.) सोसायटीचे सेक्रेटरी स्वतःहून वर आले. कादंबरीतला खडूस चेअरमन म्हणजे आपणच, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, नोटीस देतात. ते म्हणाले, "आमच्यावरून घेतलंय ना, मग आभारात नाव पाहिजे. फ्लॅट नंबरसकट."

बायको एकटीच वेगळं बोलली. "माझं नाव घालू नका. लोकांना वाटेल, मला हे आधीपासून माहीत होतं."

यावर काय बोलणार? मराठी घरात आभार हा शब्दच मुळात भांडणाचा. आईला 'थँक्यू' म्हटलं तर ती विचारते, बरं नाही का रे? आणि सभेत आभारप्रदर्शन सुरू झालं, की तो चपला शोधायचा इशारा असतो. ज्या समाजात 'आता आभार' म्हटल्याबरोबर खुर्च्या सरकतात, तिथं कादंबरीकारानं दीड पान उभं राहून नावं वाचायची म्हणजे धाडसच.

मोठ्यांनी काय केलं ते बघावं म्हणून मी कपाट उघडलं. नेमाडे सगळ्यांत हुशार. 1963 साली आलेली 'कोसला' त्यांनी शंभरांपैकी नव्याण्णव जणांना अर्पण करून टाकली. साठ वर्षांत भांडायला कुणी आलं नाही, कारण वगळलेला शंभरावा हा शेजारचाच, अशी प्रत्येकाची खात्री. रणजित देसाईंनी 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांचं लांबलचक पत्रच छापलं. आपण आभार मानण्यापेक्षा सावकारालाच बोलू दिलं. ते पत्र इतकं वजनदार, की कादंबरी अर्धवट सोडून पत्र मात्र दोनदा वाचलेली माणसं मला माहीत आहेत.

पण मी दचकलो ते टॉमस वुल्फचं प्रकरण आठवून. हा अमेरिकन कादंबरीकार अघळपघळ लिहायचा, खोकी भरभरून. त्याचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स रात्र-रात्र बसून त्यातून कादंबरी बाहेर काढायचा. 1935मध्ये 'ऑफ टाइम अँड द रिव्हर' आली तेव्हा वुल्फनं भरभरून, अगदी गळ्यात पडून ती पर्किन्सला अर्पण केली. पर्किन्सला हे नकोच होतं. झालं काय, तर पुढच्याच वर्षी बर्नार्ड डिव्होटो नावाच्या समीक्षकानं लिहिलं, की हा लेखक संपादकाशिवाय पुस्तक उभंच करू शकत नाही. वुल्फ इतका दुखावला, की सालभरात प्रकाशनसंस्था सोडून गेला. एका पानाच्या कृतज्ञतेनं घर मोडलं. बायकोचं म्हणणं मला पटायला लागलं.

याच पर्किन्सनं मार्जोरी रॉलिंग्ज या बाईंच्या मागे लागून त्यांच्याकडून एका मुलाची गोष्ट लिहवून घेतली, 'द यर्लिंग', 1938ची. ती मराठीत 'पाडस' म्हणून कुणी आणली? राम पटवर्धनांनी, म्हणजे 'सत्यकथा'च्या संपादकांनी. एका संपादकाच्या हट्टातून झालेली कादंबरी दुसऱ्या संपादकानं मराठीत आणावी, आणि आपण 'पाडस' वाचून रडताना दोघांपैकी कुणाचीच आठवण काढू नये! संपादकाचं काम इतकं चोख असतं, की त्याच्या खुणा उरत नाहीत. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटचंही तसंच आहे. गाडीला ब्रेक लागला तर ड्रायव्हर चांगला.

यादी 41 नावांवर गेली. पाठवली. तिसऱ्या दिवशी प्रुफं आली.

प्रुफं तपासणाऱ्या बाई नारायण पेठेत राहतात. वय सत्तरीच्या पुढे, अक्षर मोत्यासारखं, बोलणं काटकसरीचं. मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये जाताना काही अक्षरं वाटेत सांडतात; या वेळी नेमका 'ऋ' सांडला होता आणि त्याच्या जागी 'र' येऊन बसला होता. पानावर ठसठशीत शीर्षक होतं, 'रणनिर्देश'. बाईंनी त्याला लाल गोल केला होता आणि समासात बारीक अक्षरात विचारलं होतं, 'हेच ठेवायचं का?'

आमच्या घरातल्या बैठकीची बातमी नारायण पेठेपर्यंत कशी गेली, देव जाणे.

त्याच प्रुफांत त्यांनी आणखी एक गोल केला होता. तिसऱ्या प्रकरणात वारलेले नायकाचे वडील सातव्या प्रकरणात चहा पिऊन बशी पुसत होते. 'हे कोण?' एवढंच समासात. नऊ वर्षं मी त्या माणसाला दोन्ही प्रकरणांत वागवत होतो; मला दिसला नाही, लॅपटॉपवाल्या मेव्हण्याला दिसला नाही. मी 41 नावांची यादी पुन्हा वाचली. फ्लॅट नंबरसकट सेक्रेटरी होते. बाई नव्हत्या.

आपल्याकडे खरं तर याची रीत फार जुनी आणि फार चांगली आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली. शेवटी साल सांगणारी जी ओवी आपण म्हणतो, तिच्यात दोनच नावं. एक ज्ञानेश्वरांचं, दुसरं सच्चिदानंदबाबांचं, लेखनिक म्हणून. निवृत्तिनाथांचं ऋण ग्रंथभर आहेच, पण हिशेबाच्या ओवीत मान लिहून घेणाऱ्याला. परंपरा सांगते, की बाबांना मरणाच्या दारातून ज्ञानेश्वरांनीच परत आणलं. जिवंत केलं आणि नऊ हजारांवर ओव्या लिहायला बसवलं. कोण कुणाच्या ऋणात, ते त्यांनाच ठाऊक.

आणि आमच्या पट्ट्यातले संताजी जगनाडे! चाकणचे. धंदा तेलाचा. देहू-चाकण हे अंतर आज शिफ्टच्या बस भरून कापतात. हा माणूस ते तुकोबांचे अभंग ऐकायला आणि वहीत उतरवायला कापायचा. गाथा इंद्रायणीत बुडवली गेल्यावर ती पुन्हा उभी करण्यात संताजींचा वाटा मोठा, असं परंपरा मानते. त्यांच्या वह्या उरल्या, आणि त्यांवरून पुढे वि. ल. भाव्यांनी गाथा छापून काढली. डीटीपी ऑपरेटर, बॅकअप आणि मुद्रितशोधक, तिन्ही एकाच घाण्यावर.

मी यादी फाडली. नव्यानं लिहिताना पहिलं नाव बाईंचं घातलं, दुसरं अण्णांचं. अण्णा म्हणजे आमच्या बसचे ड्रायव्हर. पहाटे सगळी बस झोपलेली असायची, फक्त माझ्या सीटवरचा दिवा चालू. मागून आरडाओरडा व्हायचा, "अण्णा, तो दिवा घालवा ना!" आणि अण्णा आरशात न बघता म्हणायचे, "बंद होत न्हाय तो. वायरिंग गेलंय." सहा वर्षं वायरिंग गेलेलं होतं. मग अण्णा निवृत्त झाले. दुसऱ्याच दिवशी नव्या ड्रायव्हरनं बटण दाबलं आणि दिवा बंद झाला.

बाईंचा फोन आला. "अण्णा कोण? पूर्ण नाव?"

मला माहीत नव्हतं. बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. ते गावी सुदुंबऱ्याला असतात, एवढं कळलं. रविवारी स्कूटर काढली, देहूवरून इंद्रायणी ओलांडली आणि गेलो. सुदुंबऱ्यात संताजींची समाधी आहे. आणि पुरात बुडालेल्यांना बाहेर काढणाऱ्या एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळही त्याच गावात आहे. सरकारनं हे संताजींकडे बघून केलं नसणार, पण मी फाटकाशी दोन मिनिटं स्कूटर थांबवली.

अण्णा अंगणात शेंगा वाळत घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "नाव नका छापू. दिवा मीच चालू ठेवायचो हे कॉन्ट्रॅक्टरला कळलं तर?"

"अण्णा, तुम्ही रिटायर झालात."

"पोरगा लागलाय ना त्याच्याकडं."

म्हणून पुस्तकात नुसतं 'अण्णा' आहे. बाईंनी स्वतःच्या नावावर लाल रेघ मारून समासात 'जागा नाही' लिहिलं होतं. मी सेक्रेटरींचा फ्लॅट नंबर काढून जागा केली. बायकोचं नाव तिच्या इच्छेप्रमाणे नाही, आणि ते का नाही, हे ती गेले पंधरा दिवस मला विचारते आहे.

पुस्तक 18 फर्म्यांचं, 288 पानांचं झालं. शीर्षक वेळेत दुरुस्त झालं, पण अनुक्रमणिका तपासायची सगळ्यांकडूनच राहून गेली. तिथं 287व्या पानासमोर अजूनही 'रणनिर्देश'च छापलंय. वाचकांनी कृपया सुधारून वाचावे.