गोळ्याची त्रिज्या

“सर, उत्तर किती यायला पाहिजे?”

साध्या लंबकाचा प्रयोग समजावून झाला की हा प्रश्न येतोच. दोरा अजून हुकाला बांधलेला नसतो, गोळा लॅब सांभाळणाऱ्या मामांच्या कपाटात असतो, आणि पोरांना उत्तर हवं असतं. नोकरीच्या सुरुवातीला मी चिडायचो. मग काही वर्षं ‘विज्ञान म्हणजे काय’ यावर बोलून पाहिलं. त्यात पिरियड संपायचा. हल्ली ‘नऊ पॉइंट आठच्या आसपास’ असं सांगून मोकळा होतो आणि हजेरी घ्यायला लागतो.

त्यानंतर लॅबमध्ये जे चालतं ते पाहण्यासारखं असतं. एक जण लंबक हलवत राहतो आणि बाकीचे तिघे कॅल्क्युलेटर घेऊन उत्तराकडून निघून रीडिंगकडे येतात. यालाही कसब लागतं. वीस आंदोलनांना दर वेळी ४०.१ सेकंद लिहिले तर सर ओळखतील, म्हणून मध्येच एखादं ४०.३, पुढे ३९.९. सरासरी मात्र बरोबर जागेवर. खोटं रीडिंग खऱ्यासारखं विस्कटलेलं दिसावं म्हणून पोरं जेवढं डोकं लढवतात, तेवढ्यात प्रयोग दोनदा झाला असता. पण बोलणार कोण? माझ्या स्वतःच्या जर्नलमध्येही ९.८१ आहे, लाल शाईतल्या सहीसकट.

गंमत अशी की ९.८१ हे मुळात आपलं उत्तरच नाही. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली, शिवाय तिथला माणूस तिच्याबरोबर सगळ्यात मोठी चक्कर मारतो. म्हणून ध्रुवाकडून विषुववृत्ताकडे येताना हा ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण, उतरत जातो. लंडनला तो ९.८१ भरतो. १९०१ साली साऱ्या जगासाठी ठरवून दिलेला ९.८०६६५ हा आकडा साधारण ४५ अंश अक्षांशावरचा, समुद्रसपाटीचा. आपलं छत्रपती संभाजीनगर २० अंशांच्या जरा अलीकडे, त्यात समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर. इथे ९.७८ आणि वर चिमूटभर, एवढंच. म्हणजे माझ्या लॅबच्या कपाटात वर्षानुवर्षांचं लंडनचं गुरुत्वाकर्षण रचून ठेवलेलं आहे. शंभर किलोचा माणूस लंडनहून इथे आला तर स्प्रिंगच्या काट्यावर पावणेतीनशे ग्रॅमने हलका भरेल. अर्थात एक वेळ नान-खलिया जेवला की हिशेब बरोबर.

बाहेरून आणलेलं विज्ञान शिकायची या गावाला सवय आहे म्हणा. मी नोकरीला लागलो तेव्हा एक निवृत्त सर स्टाफरूममध्ये चहापुरते यायचे. त्यांचं इंटरमीजिएट निजामाच्या अमलातलं. तेव्हा इथलं कॉलेज हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं आणि उस्मानियात विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवायचे. फिजिक्सला शब्द होता ‘तबीइय्यात’. आपली ‘तब्येत’ आणि हा शब्द एकाच घरातले. “आम्ही तबीइय्यात शिकलो, तुम्ही फिजिक्स शिकवता, पोरं गाइड वाचतात,” असं म्हणून ते बशीत चहा ओतायचे. पुढे १९५० साली डॉ. आंबेडकरांनी इथे कॉलेज काढलं, तेच मिलिंद. १९५८ साली विद्यापीठ आलं आणि हैदराबादची वारी सुटली. गाइड राहिलं.

गल्लीत मात्र मी फिजिक्सचा वगैरे नाही, नुसता ‘सायन्सचे सर’. त्यामुळे मिक्सर बंद पडला की मी, इन्व्हर्टरची बॅटरी फुगली की मी, आणि ग्रहणात सुनेने भाजी चिरावी का, हेही मीच सांगायचं. शेवटच्या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर मला येतं, पण ते सासूसमोर देण्याइतका मी शास्त्रज्ञ नाही. कॉलेजात उरलेला वेळ नॅकच्या फायलींचा. आम्ही झाड लावलं याचा अक्षांश-रेखांशासह फोटो लागतो. झाड जगलं का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

वर्षातून एकदा मी मुलांना पाणचक्कीवर नेतो. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलं, उंच चढवलं, तिथून पाडलं आणि त्या धारेवर जातं फिरवलं. यात्रेकरूंचं पीठ त्यावर दळलं जायचं. दाब, स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, सगळं डोळ्यांसमोर. मी अर्धा तास बोलतो. परवा एकाने हात वर केला. मला वाटलं, आता सायफनवर प्रश्न येणार. “सर, मग आत्ता नळाला आठवड्यातून एकदाच का येतं?” सिलॅबसच्या बाहेरचं आहे म्हणून मी पुढे निघालो.

तर, गेल्या प्रॅक्टिकल परीक्षेची गोष्ट. एक्स्टर्नल आले होते, पोहे-चहा झाला होता. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातून एसटीने येणारी एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, तिच्या पेपरवर उत्तर होतं ९.६८. आजूबाजूला सगळे ९.८१ आणि ९.८० वाले. एक्स्टर्नलनी चष्मा वर केला.

“एवढं कमी कसं आलं?”

“आलं तेवढं लिहिलं, सर.”

उद्धटपणा नव्हता, दुधाचं माप सांगावं तसं सांगितलं. एक्स्टर्नलनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. मार्क जायचे ते गेले.

संध्याकाळी पेपरांचे गठ्ठे बांधताना तिचा पेपर पुन्हा हातात आला. रीडिंग खरोखर घेतलेली होती. तीनदा खोडून तीनदा लिहिलेली. लांबीच्या रकान्यात ९९ सेंटीमीटर. आणि मग दिसलं: पोरीने नुसता दोरा मोजला होता. लंबकाची लांबी म्हणजे दोरा अधिक गोळ्याची त्रिज्या, हे मी दरवर्षी घसा फोडून सांगतो. गोळ्याची त्रिज्या एक सेंटीमीटर. पाकिटाच्या मागे ती मिळवून पाहिली. ९.७८.

आता यात नशिबाचा वाटा मोठा, हे मलाही कळतं. ९.७८ आणि ९.८१ यांत वीस आंदोलनांना सहा शतांश सेकंदांचा फरक पडतो आणि आमच्या स्टॉपवॉचवरचा अंगठा त्याहून कितीतरी सुस्त आहे. तरी मी ते पाकीट हातात धरून बसलो. तिला सांगायला हवं होतं, पण साडेचारची गाडी केव्हाच गेली होती.

मामा गोळे फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवत होते. ते माझ्याआधी चार वर्षांपासून इथे आहेत. कुठल्या गॅल्व्हानोमीटरला कुठे टिचकी मारायची हे त्यांनाच ठाऊक.

“काय सर, काय सापडलं?”

“मामा, आपल्या गावचं खरं उत्तर सापडलं. नऊ पॉइंट सात आठ.”

“पुस्तकात किती आहे?”

“नऊ पॉइंट आठ एक.”

मामांनी कुलपात किल्ली फिरवली. “म्हणजे कमीच की,” ते म्हणाले. “आपल्याकडं पूर्ण दाबानं काय येतंय, सर? चला, आज पाण्याचा वार आहे माझ्याकडं.”