सातबाऱ्यावरचा वाढदिवस

मुलुंडच्या कुठल्याही सोसायटीत असा एक माणूस असतोच. आमच्याकडे तो तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि सगळी बिल्डिंग त्याला काका म्हणते. ह्या वयाची माणसं मोबाइलमध्ये नातवाचे फोटो दाखवतात, काका सातबारा दाखवतात. "वाच, नाव कोणाचं आहे?" आपण वाचायचं. मोठ्यानं.

महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. काकांचा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेलेला. पण राजापूरकडच्या एका वडिलोपार्जित उताऱ्यावर इतर 41 हिस्सेदारांच्या गर्दीत त्यांचंही नाव सापडलं. हिशेब केला तर वाट्याला एक आंब्याचं झाड येतं, तेही सावलीपुरतं. तेवढ्यावर काका शेतकरी ठरले आणि नेरळच्या पलीकडे, कशेळ्याच्या बाजूला 20 गुंठे घेऊन बसले. अर्धा एकर म्हटलं तर कोणी मान वर करत नाही, म्हणून ते 21,780 चौरस फूट असं सांगतात. मुलुंडच्या माणसाला चौरस फूट बरोबर लागतात.

आता शेतकरी झालो हे बघायला माणसं नकोत का? त्यासाठी वाढदिवस.

काकांचा जन्म 28 ऑक्टोबर 1966 चा, कोजागिरीचा. तिथी आणि तारीख यांची गाठ पुन्हा पडायला साधारण 19 वर्षं लागतात. त्यामुळे एरवी तारखेला मुलुंडला केक आणि तिथीला शेतावर मसाला दूध, असे दोन वाढदिवस होतात. 2023 साली दोन्ही एकाच दिवशी आले, त्यातही शनिवार! काकांनी 26 माणसांना बोलावलं, पंधरा लिटर दूध सांगितलं, आणि गुरुवारी त्यांच्या आईनं कालनिर्णय बघून विचारलं, "अरे, त्या रात्री चंद्रग्रहण आहे. वेध दुपारीच लागतात. जेवणार कधी?"

त्यामुळे आम्ही पहाटेच्या अंधारात ठाण्याला गाडी बदलून कर्जत लोकल पकडली. प्रत्येकाच्या हातात एक पिशवी. शेतावर जाताना काका भाजी मुलुंडच्या बाजारातून नेतात, कोथिंबिरीसकट. या खेपेला दर्भही होते. वेधात दुधात टाकायला भटजींकडून आणलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून. शेतावर उतरलो तर कमरेइतकं गवत.

राखणदारानं कर्जत-3 जातीचं भात कापून, झोडून मोकळं केलं होतं. फक्त खाचराचा एक कोपरा उभा ठेवला होता. का, तर "शेट येणार म्हून." शेट आले, गमबूट घातले, विळा घेतला, पहिल्या चार मुठी कापल्या आणि फोटोसाठी घाम पुसला. घाम मात्र खरा होता, ऑक्टोबरचा. पाचवी मूठ कापायला विळा राखणदाराच्या बायकोकडे गेला आणि आम्ही सेल्फी काढेपर्यंत तिचा कोपरा संपलासुद्धा.

मग काकांच्या मेहुण्यांनी पोपटीचा हट्ट धरला. रायगडात येऊन पोपटी नाही म्हणजे काय! राखणदार शांतपणे म्हणाला, "साहेब, वाल अजून पेरायचा हाय. शेंगा थंडीत." मुलुंडच्या बाजारात मात्र सगळ्या शेंगा बारा महिने मिळतात, असं मेहुणे बराच वेळ सांगत होते.

अकरालाच पंगत बसली. भरभर जेवलो आणि दुपारपासून 26 माणसं आंब्याच्या कलमांकडे बघत उपाशी बसली. सगळ्यात उंच कलम माझ्या गुडघ्याएवढं.

संध्याकाळी औक्षण. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळतात, आणि काका घरात थोरले. सत्तावन्न वर्षांचा माणूस टोपी घालून पाटावर बसला. आजींच्या हातातलं निरांजन थरथरत होतं, म्हणून सुनेनं खालून ताटाला हात लावला. ओवाळून झाल्यावर आजी वाकल्या आणि लेकाच्या कानात म्हणाल्या, "पोटात काही आहे का रे?" बाल, वृद्ध आणि आजारी यांना वेधात सूट असते. काका यांतले कोण हे आजींनी ठरवलं असावं, कारण थोड्या वेळानं मागच्या पडवीत ते पाठमोरे उभे राहून काहीतरी चघळत होते. खिशावर बेसन सांडलं होतं. आम्ही कोणी बोललो नाही.

दुधाचा निकालही आजींनीच दिला. नैवेद्य दाखवायचा, प्रत्येकानं पळीभर घ्यायचं, बाकीचं सकाळी. पंधरा लिटर दूध आणि 26 पळ्या! मध्यरात्री एक वाजून पाच मिनिटांनी ग्रहण लागलं. ज्याच्यासाठी दिवसभर पोट आवळून बसलो, त्यानं चंद्राचा एवढासा कोपरा कुरतडला, उंदरानं भाकरी कुरतडावी तेवढाच. "एवढंच?" मेहुणे ओरडले. सव्वा तासात तेही सुटलं.

परतताना काकांनी प्रत्येकाच्या हातात दोन किलो तांदळाची पिशवी दिली. "आपल्या शेतातले." राखणदार पिशव्या रिक्षात ठेवत होता. त्यानं मान हलवून दुजोरा दिला.

तिथी-तारखेचा पुढचा योग 28 ऑक्टोबर 2042 ला आहे. काकांनी पंचांगाच्या जाणकाराकडून खात्री करून घेतली आहे आणि आमंत्रणं आत्ताच दिली आहेत. त्या दिवशी मंगळवार येतो, तेव्हा रजा टाकून ठेवा.